फोटोखालच्या चार ओळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत वाचकांनी काढलेले चेहऱ्यांचे फोटो येतात आणि त्यांच्याखाली कुणा जाणकाराच्या चार ओळी असतात. त्या ओळी बंद करा, असं पत्र गेल्या आठवड्यात आपल्याच पानावर आलं. पत्रलेखकाचं म्हणणं असं, की नवी मुलं हौसेनं फोटो पाठवतात, त्यांच्या चुका चारचौघांत कशाला काढायच्या? फोटो छापा, 'छान' म्हणा आणि पुढे चला. मला हे पटलं नाही. ओळी मुळीच बंद करू नका. पण त्या ज्या तऱ्हेनं लिहिल्या जातात तेही मला पटत नाही, त्यामुळे हे पत्र दोन्ही बाजूंशी भांडायला लिहिलं आहे असं समजा.

ओळख द्यायची तर मी रीटचर, म्हणजे फोटोतले चेहरे हातानं दुरुस्त करणारी. हा धंदा आता उरला नाही, म्हणून थोडं सांगते. कृष्णधवल फोटोंच्या काळात गिऱ्हाईक प्रिंट बघायचं, पण खरी कारागिरी निगेटिव्हवर व्हायची. डेस्कच्या तळाशी आरसा, त्यावरून उजेड वर येणार, मध्ये दुधी काच आणि काचेवर निगेटिव्ह. निगेटिव्हच्या इमल्शनच्या, म्हणजे चित्राचा थर असलेल्या बाजूला कापसानं मीडियमचा, म्हणजे एका चिकट वार्निशचा पुसट हात फिरवायचा, म्हणजे त्यावर पेन्सिल धरते. शिसं पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करायचं आणि बारीक टिंबं, स्वल्पविराम काढत जायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. प्रिंटमध्ये जी सुरकुती काळी दिसणार, ती निगेटिव्हवर पारदर्शक असते. तिथे शिसं भरलं की प्रिंटमध्ये ती उजळते. आमच्या ह्यांचा कॅमेरा इंदुरात खजुरी बाजाराच्या बाजूला एका स्टुडिओत, आणि माझं डेस्क घरी, स्वयंपाकघराच्या खिडकीशी. पुढे ३५ मिलिमीटरचे रोल आले, त्यावर चेहरा करंगळीच्या नखाएवढा, तिथे पेन्सिल काय चालवणार? मग रंगीत आलं. पेन्सिली डब्यात गेल्या त्या गेल्याच.

इतके चेहरे इतक्या जवळून पाहिल्यावर एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. मी पेन्सिलीनं जे भरत होते, त्यातलं निम्मं त्या माणसाच्या चेहऱ्यावर नव्हतंच. ते उजेडानं केलेलं होतं. दिवा फार उंच टांगला की डोळ्यांखाली खड्डे पडतात. बाजूनं कडक लावला की गालावरची प्रत्येक पुटकुळी सावली टाकते. कॉलेजातल्या पोरींच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी पुसली आहेत, आणि ती त्यांना नव्हतीच. म्हणून एखाद्या नवशिक्याला कुणी 'चेहरा नीट आला नाही' म्हणालं, की मी विचारते, चेहरा की दिवा?

आता मागे आपण छापलेला तो आजींचा फोटो घ्या. दारात बसून तांदूळ निवडणारी आजी, अंगावर पांढरं नऊवारी, मागे अंगणातलं ऊन. खाली जाणकारांनी लिहिलं होतं: भाव उत्तम, तांत्रिक बाजू कच्ची, सराव वाढवावा. संपादकसाहेब, ज्या मुलानं हा फोटो काढला त्यानं हे वाचून सोमवारी नेमकं काय करायचं? सराव कशाचा वाढवायचा? चूक तशीच ठेवून सराव केला, तर ती चूक पक्की होते.

तो फोटो माझ्यापुढे आला असता तर मी काय म्हटलं असतं ते लिहिते. आजींचा चेहरा काळवंडला आहे, कारण कॅमेऱ्याला पांढरं लुगडं आणि मागचं ऊन दिसलं. कॅमेरा समोरचा सगळा उजेड जमेला धरून त्याची मधली करडी छटा करू बघतो. त्याला काय माहीत की यात आजी महत्त्वाची आणि अंगण नाही. फोनवर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही तिथे कुलूपबंद होतात. त्याहून सोपं म्हणजे आजींना हातभर आत सरकवून तोंड अंगणाकडे करायला सांगायचं आणि आपण दारात उभं राहायचं. मग तेच ऊन पाठीमागून कापण्याऐवजी मऊ होऊन चेहऱ्यावर येतं. दुसरं, फोन फार जवळ नेला आहे. त्यामुळे नाक आणि पुढचा हात मोठे, कान मागे गेलेले. पुष्कळांना वाटतं हा भिंगाचा दोष. तो अंतराचा दोष आहे. चार-पाच फूट मागे जा आणि दोनपट झूम करा, नाक आपल्या जागी जातं. तिसरं, हात मनगटाशी कापला आहे. त्या फोटोत सगळं काम बोटं करताहेत आणि तीच चौकटीबाहेर! हे तिन्ही मुद्दे आपल्या चार ओळींत बसतात. मी मोजून पाहिलेलं नाही, पण बसतील.

आणि एक चांगली गोष्टही त्यात होती, तीही जाणकारांनी 'भाव उत्तम' म्हणून वाया घालवली. सुपाच्या कडेवर ऊन पडलं होतं आणि पांढऱ्या तांदळावरून उसळलेला थोडा उजेड आजींच्या हनुवटीखाली आणि पापण्यांवर गेला होता. त्यामुळेच तो चेहरा काळवंडूनसुद्धा जिवंत राहिला. स्टुडिओत याच कामासाठी आम्ही पांढरा पुठ्ठा धरायचो. त्या मुलाला हे फुकटात मिळालं आणि मिळालं ते त्याला कळलं नाही. 'तांदळावरचा उजेड बघ' एवढं लिहिलं असतं, तर पुढच्या वेळी त्यानं आजीच्या मांडीवर वर्तमानपत्र पसरलं असतं. कौतुकही असं असावं की त्याचा परत उपयोग करता येईल.

दुपारच्या उन्हाचं एक सांगून टाकते, कारण आपल्याकडच्या निम्म्या मुलांचे फोटो गच्चीवर, भर दुपारी काढलेले असतात. कर्कवृत्त उज्जैनजवळून जातं आणि आपलं इंदूर त्याच्या थोडं दक्षिणेला. म्हणजे जूनच्या सुरुवातीला मध्यान्हीचा सूर्य अक्षरशः आपल्या डोक्यावर असतो. अशा उन्हात कुणाचाही फोटो काढा, डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग आणि नाकाखाली मिशी. माणूस देखणा असला तरी. सकाळी नवाच्या आत काढा, नाहीतर संध्याकाळी, नाहीतर वाड्याच्या चौकातल्या सावलीत. पावसाळ्यात माळव्यावर जे ढग येऊन बसतात त्यांच्यासारखा पडदा कुठल्याही स्टुडिओत मिळणार नाही.

पत्रलेखक महाशयांना टीकेची भीती वाटते. त्यांनी स्टुडिओचं काउंटर पाहिलेलं नाही. आमच्याकडे फोटो काढला की आधी प्रूफ, म्हणजे पसंतीसाठी कच्च्या प्रती द्यायचे. गिऱ्हाईक ते घरी नेणार, सासू बघणार, दीर बघणार, शेजारीण बघणार, आणि दोन दिवसांनी येऊन जे बोलणार ते आजच्या कुठल्याही परीक्षकापेक्षा तिखट. 'भिया, ये तो मैं नी लग रिया' हे वाक्य आमच्या ह्यांनी किती ऐकलं असेल! पण त्यांची एक खुबी होती. ते गिऱ्हाइकाशी वाद घालत नसत आणि त्याचं बोलणं जसंच्या तसं धरतही नसत. त्यातून काय दुरुस्त करायचं ते शोधत.

'माझं नाक मोठं आलं' म्हणजे कॅमेरा जवळ होता, नाहीतर दिवा एका बाजूनं जास्त होता. 'डोळे मेल्यासारखे दिसतात' म्हणजे बुबुळात दिव्याचा ठिपका पडला नाही. तो बारीक पांढरा ठिपका नसेल तर हसणारं माणूससुद्धा झोपलेलं वाटतं. त्यासाठी दिवा खाली आणायचा किंवा हनुवटी जराशी वर. 'जाड दिसते' म्हणजे खांदे कॅमेऱ्याकडे सरळ बसवले होते, अंग थोडं वळवायला हवं होतं. 'बावळट दिसतो' म्हणजे बहुतेक वेळा भिंतीला टेकवून, चेहऱ्यावर सपाट उजेड टाकून काढला. आणि 'घाबरल्यासारखी दिसते' यात दिव्याचा किंवा भिंगाचा काही संबंध नसे. याचा अर्थ फोटोग्राफरनं तिला फार वेळ ताटकळत ठेवलं, 'हलू नका, हलू नका' म्हणत बसला. यावर पेन्सिल चालत नाही. परत बोलवायचं, चहा मागवायचा, बरोबर आलेल्या मावशीला आत बसवायचं आणि मगच काढायचा.

गिऱ्हाइकाचं सगळंच ऐकावं असंही नाही. लग्नासाठी दाखवायचा फोटो असला की मुलीचे वडील काउंटरवर हळूच म्हणत, 'जरा उजळ करा.' ही टीका फोटोवर नसे, मुलीच्या रंगावर असे. तिथे आमचे हे सांगत, दिवा बरोबर लावतो, रंग आहे तो राहील, उद्या पाहुणे समोर बसून बघणारच आहेत. काही वडील दुसऱ्या स्टुडिओत गेले. जाऊ देत. पण हा फरक नवशिक्याला लवकर कळायला हवा: आपल्या कामावरचं बोलणं कुठलं आणि समोर बसलेल्या माणसावरचं कुठलं. गव्हाळ, सावळा चेहरा पांढऱ्या भिंतीपुढे बसवला की तो आणखी काळा येतो, हा कॅमेऱ्याचा हिशेब आहे. त्याला उत्तर म्हणजे मागची भिंत बदलणं किंवा चेहऱ्यावर उजेड मोजणं. फोनमधलं ते गोरं करणारं बटण हे उत्तर नव्हे.

आता टीका घेत घेत माणूस पुढे कसा जातो याचं डोळ्यांदेखतचं उदाहरण. आमच्या खालच्या बिऱ्हाडात एक मुलगी आहे, कॉलेजात शिकते. तिच्या वडिलांचं शीतलामाता बाजाराच्या बाजूला घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान आहे. तिनं वडिलांचा फोटो काढून मला दाखवला. डोक्यावर ट्यूब, त्यामुळे टक्कल चमकतंय आणि डोळे अंधारात. मागे भिंतभर घड्याळं, ती वडिलांपेक्षा जास्त उठून दिसताहेत. मान खाली, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. विषय सोन्यासारखा आणि फोटो मात्र पोलिसात द्यायच्या लायकीचा. मी तिला त्या दिवशी एकच सांगितलं: ट्यूब बंद कर. बाकी काही बोलले नाही. माझा हा नियम आहे, एका बैठकीत एकच दोष. पाच सांगितले की पोर पाचही विसरतं आणि फक्त आपलं तोंड कसं वाकडं झालं होतं तेवढं लक्षात ठेवतं.

पुढच्या खेपेला ती फक्त टेबलावरच्या वाकत्या मानेच्या दिव्यात काढून आली. आता चेहरा अर्धा उजळ, अर्धा काळा कोळसा. पण डोळा दिसत होता, चिमटा दिसत होता. मग सांगितलं, टेबलावर पावतीपुस्तकाचा पाठकोरा कागद ठेव. दिव्याचा उजेड कागदावरून वर गेला आणि काळ्या बाजूला गाल उगवला. मग दिव्याचं अंतर. दिवा दुप्पट लांब नेला तर उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून एवढ्या जवळच्या दिव्यात चार बोटं इकडेतिकडे झाली तरी फोटो बदलतो. हे तिनं स्वतः करून पाहिलं, मला येऊन सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा बघायला हवा होता. मग फोनच्या पोर्ट्रेट मोडनं घोटाळा केला: मागचं धूसर करायच्या नादात डोळ्याच्या भिंगाची कडही भिंतीबरोबर पुसून टाकली. तो मोड अंदाजानं कापतो, चष्म्याच्या काड्या आणि सुटे केस हे त्याचे नेहमीचे बळी. तो बंद केला.

राहिली मागची घड्याळं. मी म्हटलं, लक्ष खेचतात, मागे गडद चादर लाव. तिनं लावली. फोटो स्टुडिओत काढल्यासारखा झाला, वाड्यातल्या सगळ्यांनी वाहवा केली. वडिलांनी मात्र बघितला आणि विचारलं, 'माझं दुकान कुठं गेलं?' ती घड्याळं गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकून परत न नेलेली आहेत. काही त्यांच्या वडिलांच्या वेळची. रोज सकाळी ते चावीवाल्या घड्याळांना चावी देतात. चादरीपुढे बसलेला माणूस कुणीही असू शकतो, त्यांचं म्हणणं एवढंच. माझा सल्ला स्टुडिओतल्या पडद्याचा होता, त्यांचा दुकानदाराचा. मुलीनं दोघांचं ऐकलं. चादर काढली आणि दिव्याची मान अशी वळवली की भिंतीवर उजेडाची फक्त कड जावी. घड्याळं आहेत, पण अर्धवट अंधारात. एखाद्याचा काटा तेवढा चमकतो. हा उपाय माझ्या डोक्यात आला नव्हता.

माझं सगळ्यात मोठं म्हणणं हे आहे, संपादकसाहेब, की नवशिक्याच्या फोटोवर सगळे बोलतात, फक्त ज्याचा फोटो आहे त्याला कुणी विचारत नाही. पूर्वी तो पैसे मोजायचा, म्हणून त्याचं पहिलं ऐकावं लागायचं. आता फोटो फुकट, त्यामुळे समोरच्याचं मत बाद झालं. राजवाड्यासमोर भाजी विकणारी, सराफ्यात भुट्ट्याचा कीस ढवळणारा, छत्रीबाग भागात बसलेला साधू, यांचे फोटो पुरवणीत येतात. त्यांना तो कुणी दाखवला तरी का? न विचारता काढलेला फोटो मला ओळखता येतो. त्यातल्या माणसाची नजर एकतर भलतीकडे असते किंवा 'काय रे?' असं विचारत असते. याला काही जण 'नैसर्गिक' म्हणतात. रंगपंचमीच्या गेरमधले, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीतले, माखलेले चेहरेही तसेच. दरवर्षी तोच लाल-हिरवा माणूस, तेच दात. त्या गर्दीत एकाला तरी थांबवून नाव विचारलं तर फोटो बदलेल.

यात एक गोष्ट तर मला अगदी अंगाला लागते, कारण मी स्वतः आता त्या वयाची आहे. म्हातारं माणूस दिसलं की नवशिके त्याचा कृष्णधवल फोटो काढतात आणि मग संगणकावर सुरकुत्या वाढवतात. त्यासाठी वेगळी पट्टी असते, ती उजवीकडे ओढली की चेहरा नांगरलेल्या शेतासारखा होतो. आम्हाला सुरकुत्या कमी करण्याचे पैसे मिळायचे, हे लोक हौसेनं वाढवतात! आम्हीही सगळ्या पुसत नव्हतो. हसून पडलेल्या डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या रेघा ठेवायच्या, कपाळावरच्या थोड्या फिक्या करायच्या, आणि दिव्यानं पाडलेल्या पूर्ण काढायच्या, असा हात बसलेला होता. सगळ्या पुसल्या तर चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा होतो आणि घरचे ओळखत नाहीत. आजचे फोन न विचारता तेच करतात. म्हणजे तरुण पोरींची कातडी फोन गुळगुळीत करतो आणि म्हाताऱ्यांची पोरं खरबरीत करतात. जाणकारांनी यावर कधी अक्षर लिहिलेलं मी वाचलं नाही. उलट 'सुरकुत्यांमधून आयुष्याचा प्रवास' असं काहीसं लिहिलं होतं. माझ्या सुरकुत्यांमध्ये बराचसा भाग स्वयंपाकघराच्या खिडकीशी डोळे बारीक करून बसल्याचा आहे.

टीका वाईट कशी होते तेही लिहायला हवं, नाहीतर त्या पत्रलेखकांवर अन्याय होईल. एका स्पर्धेत एका मुलाच्या फोटोकडे बघून परीक्षकांनी माइकवर विचारलं, 'हे पोर्ट्रेट आहे की आधार कार्ड?' हॉल हसला. मुलगा त्यानंतर कॅमेरा घेऊन कुठे दिसला नाही. आता गंमत बघा, त्या विनोदात टीका दडलेली होती. आधार कार्डासारखा का वाटतो? माणूस भिंतीला चिकटून बसला आहे, उजेड समोरून सपाट आहे, दोन्ही खांदे सरळ आहेत. भिंतीपासून तीन फूट पुढे बसव, खिडकी एका बाजूला घे, खांदा वळव. एवढं सांगायला हशा मिळवण्याइतकाच वेळ लागला असता. परीक्षकांना ते माहीत नसेल असं मी म्हणत नाही. माइक हातात आला की माणसाला टाळी हवी असते.

आणि प्रत्येक टीका पाळलीच पाहिजे असं कुठे आहे? माझ्या नातीनं मला ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या फोटोग्राफर बाईंबद्दल वाचून दाखवलं. जन्म १८१५ मध्ये कलकत्त्याचा. १८६३ च्या डिसेंबरात लेक-जावयांनी कॅमेरा भेट दिला तेव्हा बाईंचं वय ४८. त्या काळच्या फोटोग्राफीच्या नियतकालिकांतून त्यांच्यावर झोड उठली: फोकस नाही, निगेटिव्हच्या काचेवर डाग आहेत, काम गचाळ आहे. डागांबद्दल टीकाकारांचं बरोबरच होतं, हे मी धंद्यातली म्हणून सांगते. पण फोकस बाईंनी मुद्दाम मऊ ठेवला होता आणि तो त्यांनी सोडला नाही. आज त्यांचे ते चेहरे जगभरच्या संग्रहालयांत आहेत. यावरून नातीनं लगेच काढलेला निष्कर्ष असा, की तिचे हललेले फोटोही कला आहेत. मी म्हटलं, आधी एक न हललेला काढून दाखव, मग हलव. माणसाचा फोटो काढताना शटर १/१२५ सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडं ठेवू नकोस, निदान हात बसेपर्यंत.

आपल्या गावाचंही एक उदाहरण आहे. लाला दीनदयाळ रुरकीला शिकून १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले. नकाशे आणि अंदाजपत्रकं हे त्यांचं काम. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला, तोही नोकरी सांभाळून, म्हणजे आजच्या आपल्या वाचकांसारखाच हौशी माणूस. तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिलं आणि पुढे ते निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले. हैदराबादेत त्यांनी पडदानशीन बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तिथे फोटो काढायला बाईच नेमली. मला त्यांच्या सगळ्या कामात हे जास्त आवडतं. समोरचं माणूस कुणापुढे मोकळेपणानं बसेल, हा विचार भिंग आणि दिव्याच्या आधी येतो, आणि तो त्यांनी केला.

तेव्हा माझी विनंती. फोटोखाली चार ओळी राहू द्या. त्यातली एक काय जमलं आणि कशामुळे जमलं याची असू द्या, दोन पुढच्या फोटोत काय वेगळं करायचं याच्या. 'तांत्रिक बाजू', 'सराव', 'मेहनत' हे शब्द जाणकारांकडून काढून घ्या. चौथी ओळ फोटोतल्या माणसाची. फोटो पाठवणाऱ्यानं तो आधी त्याला दाखवायचा, तो जे म्हणाला ते एका वाक्यात लिहून पाठवायचं. नसेल दाखवला तर छापू नका. माझी खात्री आहे, त्या चौथ्या ओळीसाठीच लोक पुरवणी उघडतील.

आणखी एक छपाईचं. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, सावलीतले बारकावे बुजतात, आणि आपण चेहरा एका कॉलमात छापता. त्यात जाणकारांना तरी काय दिसणार? फोटो दोन कॉलमांत घ्या आणि छापायला देताना चेहऱ्याच्या सावल्या थोड्या उजळून द्या. आपल्या छपाईतल्या माणसांना हे ठाऊक असेलच, त्यांना वेळ द्या.

पत्र लांबलं आहे. जागा नसेल तर कॅमेरॉनबाई आणि दीनदयाळ कापा, त्यांना माझ्या पत्राची गरज नाही. जूनच्या सूर्याचंही हवं तर काढा. गिऱ्हाइकांच्या तक्रारींचा भाग मात्र कापू नका, तो कुठे लिहून ठेवलेला मी पाहिलेला नाही.

आपली,
एक जुनी रीटचर
इंदूर
(नाव छापू नये ही विनंती.)